मुंबई-पुण्यातली टेक्नो नाइट: दीडला दिवे लागण्याआधी काय काय करून ठेवायचं

क्लबमध्ये टेक्नो किंवा हाउस, म्हणजे डीजे सलग वाजवतो ते इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, ऐकायला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एकच चूक करतात. ते रात्र सुरुवातीकडून मोजतात. आठला भेटू, कुणाच्या तरी घरी बसू, दहाला जेवू, बाराला निघू. साडेबाराला दारात पोचतात, रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, आत शिरेपर्यंत सव्वा वाजत आलेला असतो आणि दीडला दिवे लागतात, म्हणजे क्लब बंद होतो. ज्याच्यासाठी तिकीट काढलं त्याची शेवटची दहा-पंधरा मिनिटं कशीबशी पदरात पडतात, आणि बाहेर रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही.

बर्लिनमध्ये क्लब सकाळपर्यंत चालतात, तिथे रात्री एकला घराबाहेर पडणं शहाणपणाचं असेल. मुंबई-पुण्यात तो हिशोब चालत नाही. इथली रात्र आखूड आहे, म्हणून तिची तयारी जास्त लागते. हा लेख बंदिस्त क्लबमधल्या, तिकीट लावून होणाऱ्या गिगसाठी, म्हणजे डीजेच्या कार्यक्रमासाठी, आहे. मैदानावरच्या फेस्टिवलचं गणित वेगळं असतं. क्रम जसा दिलाय तसाच पाळा. विशेषतः पहिल्या चार टप्प्यांची अदलाबदल करू नका.

१. रात्र शेवटाकडून मोजा

मुंबई आणि पुण्यात परमिट रूम आणि बार साधारणपणे दीड वाजता बंद होतात. क्लबचा बार त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी शेवटची ऑर्डर घेतो. काही पंचतारांकित हॉटेलांतली वेळ वेगळी असते, आणि २४, २५ व ३१ डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत मुभा देत आलं आहे. या अपवादांवर भरवसा ठेवून बेत आखायचा तर आधी खात्री करून घ्या. एरवी दीड म्हणजे दीड.

आता उलटं या. मुख्य डीजे, म्हणजे हेडलायनर, बहुतेकदा साडेअकराच्या सुमारास सुरू करून बंद होईपर्यंत वाजवतो. त्याआधी दोन-अडीच तास स्थानिक डीजेंचे ओपनिंग सेट असतात; सेट म्हणजे एका डीजेने सलग वाजवलेलं संगीत. हेडलायनर सुरू होण्याच्या किमान तासभर आधी, म्हणजे साडेदहाला, तुम्ही आत असायला हवं. सव्वादहाला रांगेत, त्यानुसार घरातून निघायची वेळ, आणि जेवण आठ-साडेआठला. पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा या बाजूला शनिवारी रात्री गाडी लावायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, तीही धरा.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर साडेनऊलाच पोचा. ओपनिंग सेट हा रात्रीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आवाज बेताचा असतो, फ्लोअरवर हातपाय हलवायला जागा असते, आणि चांगला स्थानिक डीजे दोन तासांत खोली हळूहळू तापवत नेतो ते समजून घेता येतं. थेट साडेबाराला शिरणाऱ्याला नुसता दणका ऐकू येतो, कारण तिथपर्यंतचा चढ त्याने पाहिलेलाच नसतो.

*तपासा:* गिगच्या दिवशी दुपारनंतर क्लबच्या किंवा आयोजकाच्या इन्स्टाग्राम स्टोरीवर सेटच्या वेळा टाकतात. त्या पाहून वरची आखणी पुढेमागे करा. वेळा टाकल्या नसतील तर मेसेज करून विचारा, उत्तर देतात.

२. आधी संगीत निवडा, मग जागा

उलटा क्रम लावणारे फसतात. ‘अमुक क्लब भारी आहे’ एवढ्यावर लोक जातात, आणि त्या शुक्रवारी तिथे बॉलिवूड नाइट निघते. एकाच क्लबात आठवड्याला चार वेगळ्या तऱ्हेचं संगीत लागतं. पोस्टरवर नुसतं ‘ईडीएम’ (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. डीजेचं नाव पाहा.

प्रकार ओळखायला वेग उपयोगी पडतो. मिनिटाला किती ठोके, त्याला बीपीएम म्हणतात. हाउस साधारण १२० ते १२८, आजचा टेक्नो १३० ते १४५, सायट्रान्स १४० च्या आसपास आणि वर, ड्रम अँड बेस १७० ते १७५. वेग वाढला की नुसती घाई वाढत नाही, नाचण्याची पद्धतच बदलते. हाउसमध्ये कमरेपासून डोलता येतं, कडक टेक्नोत पाय जागच्या जागी चालत राहतात. पहिल्याच वेळी १४५ च्या टेक्नोला जाऊन ‘नुसतं धडाधड चाललं होतं’ म्हणत परत येणारे खूप आहेत. सुरुवात हाउसपासून करा.

नाव पक्कं झालं की साउंडक्लाउड किंवा यूट्यूबवर त्या डीजेचा अखंड तासाभराचा सेट ऐका, हेडफोन लावून. त्याचं गाजलेलं एखादं गाणं ऐकून अंदाज बांधू नका. क्लबमध्ये तो स्वतःची गाणी ओळीने लावत नाही. इतरांचे ट्रॅक एकमेकांत मिसळत एक लांब प्रवाह बांधतो. तासभर घरी ऐकवत नसेल, तर तीन तास उभं राहून ऐकवणार नाही. तिकीट काढण्याआधीची ही फुकट चाचणी आहे.

३. तिकीट, गेस्टलिस्ट आणि कव्हर

या तिघांत गल्लत झाली की दारात भांडणं होतात.

तिकीट म्हणजे डिस्ट्रिक्ट, बुकमायशो, स्किलबॉक्स अशा ॲपवर किंवा साइटवर काढलेला प्रवेश. सुरुवातीचा टप्पा स्वस्त असतो, गिग जवळ येईल तसा दर चढतो. गेस्टलिस्ट म्हणजे ठरावीक वेळेपर्यंत, बहुधा दहा-साडेदहापर्यंत, फुकट किंवा सवलतीत प्रवेश. ती वेळ उलटून पाच मिनिटं झाली तरी यादीतलं नाव कामाचं राहत नाही. कव्हर म्हणजे दारात भरायची रक्कम. त्यातली काही किंवा सगळी रक्कम बारवर वळती होते, ती किती हे विचारूनच पैसे द्या. ‘फुल कव्हर’ (सगळी रक्कम बारवर वळती) आणि ‘नुसती एंट्री’ (काहीच वळती नाही) यांत माणशी बराच फरक पडतो.

मुलांचा गट जाणार असेल तर स्टॅग एंट्री, म्हणजे सोबत मुली नसलेल्या मुलांना प्रवेश, आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. अनेक क्लब फक्त कपल किंवा मिश्र गटाला आत सोडतात. नाशिक-कोल्हापूरहून गाडी करून आलेले चार-पाच मित्र दारातूनच परत फिरतात ते याचमुळे, आणि तिथे बाउन्सरशी वाद घालून उपयोग नसतो. तिकीट लावून होणाऱ्या टेक्नो-हाउसच्या गिगना ही अट बहुतेकदा नसते, पण ‘बहुतेकदा’वर विसंबून दोनशे किलोमीटर येऊ नका.

*सावध:* सोशल मीडियावर अनोळखी माणसाकडून ‘एक्स्ट्रा तिकीट’ घेताना नुसता क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट स्वीकारू नका. तोच कोड पाच जणांना विकला जातो आणि पहिला स्कॅन होणारा आत जातो. ॲपमधूनच तिकीट तुमच्या नावावर वळवून घ्या.

४. परतीची सोय तिकिटाबरोबरच

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात, म्हणून रात्र बिघडते. परत कसं यायचं हे ठरलं नसेल तर तिकीट काढू नका.

मुंबईत शेवटच्या लोकल रात्री साडेबारा-एकच्या दरम्यान सुटून जातात आणि पहाटे चारनंतर पुन्हा सुरू होतात. म्हणजे दीडला बाहेर पडणाऱ्याला लोकल नाही. लोअर परळ किंवा वरळीच्या बाजूला असाल तर रिक्षाही नाही, कारण वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. उरते काळी-पिवळी किंवा ॲपवरची कॅब. मध्यरात्र ते पहाटे पाचपर्यंत टॅक्सी-रिक्षाला मीटरच्या सव्वापट भाडं असतं, ते रीतसर आहे. त्यावर वाद नको. लोकलनेच जायचं असेल तर एम-इंडिकेटर या वेळापत्रकाच्या ॲपवर त्या दिवसाची शेवटची गाडी पाहा आणि तिच्या चाळीस मिनिटं आधी क्लब सोडा. शनिवारी रात्री कधीकधी ब्लॉक असतो, तोही पाहा.

पुण्यात मेट्रो त्या वेळी बंद असते आणि सगळ्यांना दुचाकीची सवय. दुचाकी घरी ठेवा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश आढळला तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ही मर्यादा खूप खालची आहे. ‘दोनच बिअर’ पुरेशा होतात. आणि दंड ही त्यातली लहान गोष्ट. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. गटातला एक जण पिणार नाही असं ठरत असेल तर तो कोण हे घरून निघतानाच ठरवा. आत गेल्यावर ते ठरत नाही.

बाहेरगावहून आलेल्यांनी पहाटेच्या एसटीच्या भरवशावर स्वारगेटला बसून रात्र काढू नये. नाचून आल्यावर शरीर थकलेलं असतं, सामान आणि फोन सांभाळणं होत नाही. मित्राकडे किंवा लॉजमध्ये चार तास पाठ टेकायची सोय करा.

५. ओळखपत्र आणि परवाना

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, इतर मद्यासाठी २५. गोव्यात ती १८ आहे, म्हणून तिकडे जाऊन आलेली मुलं इथे गोंधळतात. बहुतेक क्लब २१ च्या आतल्यांना न पिताही आत घेत नाहीत, आणि दारात नाकारल्यावर तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

आधार, वाहन परवाना, पासपोर्ट यांतलं काहीतरी प्रत्यक्ष सोबत असू द्या. डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची आहे. फोनमध्ये काढून ठेवलेला आधारचा फोटो नाही. तरी दारावरच्या माणसाला डिजिलॉकर चालेलच असं नाही, म्हणून कार्डच बरं. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही.

पिणार असाल तर परवाना हवा. परदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा असतो आणि बारमध्येच मिळतो, वर्षाचा शंभर रुपयांचा, कायमचा हजार रुपयांचा. दारात सहसा कुणी विचारत नाही, पण छापा पडला तर विचारतात.

६. पोट, पाय, खिसा

आठ-साडेआठला पोटभर जेवा: भात-वरण, पोळी-भाजी, अंडी, काहीही, पण नीट. उपाशी पोटी दारू झपाट्याने रक्तात उतरते आणि साडेदहालाच माणूस कोपऱ्यात बसतो. अति तिखट-तेलकट मात्र टाळा, तीन तास उड्या मारायच्या आहेत.

पायात बंद, मऊ तळाचे बूट. चप्पल-सँडल घातलेल्या पुरुषांना अनेक ठिकाणी अडवतात, आणि गर्दीत उघडी बोटं तुडवली जातात. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. सुती टी-शर्ट पुरे. टेक्नोच्या गिगला कुणी कपडे पाहत नाही.

खिशात फोन, ओळखपत्र, एक कार्ड, थोडी रोकड, इअरप्लग. डिओ, लायटर, पॉवर बँक, मोठी बॅग झडतीत अडकतात. पुण्यात कुणी दुचाकीवर आलंच असेल तर हेल्मेटचं काय करणार ते आधी पाहा. क्लोकरूम सगळीकडे नसते.

*तपासा:* निघताना फोन पूर्ण चार्ज, घरच्या कुणाला किंवा न आलेल्या मित्राला लाइव्ह लोकेशन, आणि गटातल्या प्रत्येकाकडे प्रत्येकाचा नंबर.

७. कान: हा टप्पा कुणीही गाळू नये

क्लबमध्ये आवाज ९५ ते १०५ डेसिबलच्या घरात सहज असतो. कामाच्या जागेसाठी वापरला जाणारा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, पण तुमच्या क्लबमध्ये ती कुणी मोजत असेल असं धरू नका.

दुसऱ्या दिवशी कानात वाजणारी ‘कुंईं’ ही रात्र मस्त गेल्याची खूण नव्हे, ती दुखापतीची खूण आहे. अंतःकर्णातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पंचविशीत गमावलेलं ऐकू येणं चाळिशीत परत मिळत नाही, आणि ज्याला संगीत आवडतं त्याचं यात सर्वांत जास्त नुकसान आहे. मला या लेखातली एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवता आली तर ती हीच असावी.

इअरप्लग दोन प्रकारचे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे स्वस्त असतात. ते वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात, म्हणून संगीत गोधडीआडून आल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले महाग, पण ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच खाली आणतात. गाणं तसंच राहतं, फक्त हळू होतं. महिन्यातून एकदा जरी जात असाल तरी फिल्टरवाले घ्या. आवाज १०० असेल आणि प्लगने खरोखर १५ डेसिबल कापले, तर तुम्ही ८५ वर आलात. अख्खी रात्र सुरक्षित झाली.

फोमचे बसवायची पद्धत बहुतेकांची चुकते. बोटांनी गोल गोल वळून बारीक सुरळी करा. दुसऱ्या हाताने, डोक्यावरून, कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला तर नीट बसला.

*सावध:* प्लग आत शिरण्याआधी लावा. कान दुखायला लागल्यावर लावणं म्हणजे उशीर. आणि मित्राशी बोलायला तो काढू नका. बाहेर या, मग बोला.

८. आत गेल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

थेट बारवर जाऊ नका. आधी खोली पाहून घ्या.

बाहेर पडायचे सगळे दरवाजे शोधा, आत आलात त्याखेरीज दुसरा कोणता ते पक्कं करा. तो कुलूपबंद किंवा खुर्च्यांनी अडलेला असेल तर मॅनेजरला सांगा. त्यानंतरही तसाच राहिला तर तिकिटावर पाणी सोडून निघा. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुंबईत कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बरेच जण धुरात वाट न सुचून स्वच्छतागृहात शिरले होते. गोव्यात हडफडेच्या क्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये लागलेल्या आगीने २५ जीव घेतले. धूर दिसला की खाली वाका आणि दरवाज्याकडे जा, स्वच्छतागृहाकडे कधीच नाही. कुणी छताखाली फटाक्यासारखे फवारे उडवू लागलं तर कौतुक न करता दाराच्या बाजूला सरका.

मग पाणी कुठे मिळतं, स्वच्छतागृह कुठे, मोकळी हवा कुठे, हे पाहा. शेवटी गटाची एक भेटायची जागा ठरवा. आत नेटवर्क जातं आणि गोंगाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून दर तासाला त्या जागी तोंड दाखवायचं एवढा साधा नियम ठेवा.

९. फ्लोअरवर

कुठे उभं राहायचं? स्पीकरसमोर नाही, आणि डीजेच्या टेबलाला चिकटूनही नाही. दोन्ही बाजूंच्या स्पीकरपासून सारख्या अंतरावर, खोलीच्या मध्यरेषेत, थोडं मागे. भिंतीशी आणि कोपऱ्यात खालच्या पट्टीचा आवाज साचतो, तिथे नुसता गुरगुराट मिळतो. चार पावलं इकडेतिकडे सरकून ऐका. ज्या जागी किक (खालचा जड ठोका) आणि झांजेचा आवाज सुटासुटा कळतो ती तुमची जागा.

काय ऐकायचं हे कळलं की ‘एकसुरी आहे’ ही तक्रार संपते. खालचा ठोका, किक, एक-दोन-तीन-चार असा अखंड चालतो. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारचा म्हणजे ३२ ठोक्यांचा एक टप्पा. १२८ च्या वेगात तो बरोबर १५ सेकंदांत पुरा होतो. बहुतेक बदल या टप्प्याच्या तोंडाशी होतात: एखादा आवाज आत येतो, किक काढून घेतली जाते, बास (खालच्या पट्टीचा सूर) परत येतो. तबल्यावर तीनताल ऐकताना समेची वाट पाहतो तशी त्या ३२ व्या ठोक्यानंतरची वाट पाहा. दहा मिनिटांत शरीर ते मोजायला लागतं आणि पुढचं वळण आधी जाणवू लागतं. दोन ट्रॅक एकमेकांत मिसळताना डीजे एकाचा बास कापून दुसऱ्याचा उघडतो, तो क्षण पकडता आला तर तुम्ही ऐकायला शिकलात.

नाचता येत नाही म्हणून अडू नका. पायांनी किक धरा, गुडघे सैल, खांदे मोकळे, एवढंच. इथे कुणी स्टेप बसवून येत नाही.

आता लोकांकडून सतत होणाऱ्या चुका. डीजेकडे फर्माईश नेऊ नका, मोबाइलवर गाणं टाइप करून त्याच्या तोंडासमोर धरू नका. त्याच्या टेबलावर ग्लास ठेवू नका, एका सांडलेल्या बिअरने लाखोंची यंत्रं जातात. व्हिडिओ दहा सेकंदांचा काढा आणि फोन खिशात टाका. फ्लॅश तर नकोच. फ्लोअरच्या मधोमध घोळका करून गप्पा मारू नका, त्यासाठी बाहेरची जागा आहे. वाट काढताना खांद्याला हलकेच हात लावून ‘एक्सक्यूज मी’ चालतं. कमरेला हात कधीच नाही.

अनोळखी मुलीच्या जवळ जाऊन नाचायला लागणं, तिने अंग चोरल्यावरही तिथेच राहणं, हा छळ आहे. तिने तोंड फिरवलं हेच उत्तर समजा आणि लांब व्हा. तुमच्या गटातला कुणी असं करत असेल तर त्याला बाजूला घेणं तुमचं काम आहे. तुम्हाला स्वतःला असा त्रास झाला तर संकोच न करता बाउन्सर आणि मॅनेजर दोघांना सांगा, माणूस दाखवा. दाद मिळाली नाही तर ११२.

१०. दारू, पाणी आणि गोळ्या

न पिता ही रात्र पूर्ण जगता येते, आणि पहिल्या वेळी तसंच करून पाहा असं मी म्हणेन. प्यायचीच असेल तर हिशोब ठेवा. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यांश असतो. आठ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका पाइंटमध्ये (३३० मिलिलिटर) जवळपास २० ग्रॅम, म्हणजे दोन पेग. शरीर तासाला साधारण एक पेगच निकालात काढतं. कॉफी, लिंबू, थंड पाणी यांनी हा वेग वाढत नाही. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये चहा नसतो, चार-पाच प्रकारचं मद्य असतं.

प्रत्येक पेयामागे एक ग्लास साधं पाणी. ग्लास खाली ठेवून नाचायला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवा घ्या. अनोळखी माणसाने आणून दिलेला ग्लास घेऊ नका; बारटेंडरने तुमच्यासमोर भरलेलाच घ्या.

स्वच्छतागृहात किंवा स्मोकिंग एरियात कुणी गोळी, पावडर देऊ करेल. घेऊ नका. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली ती जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि आत नक्की काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एमडीएमएसारख्या नशेच्या पदार्थाने तापलेल्या गर्दीत शरीराचं तापमान धोक्याच्या वर जाऊ शकतं.

*हे दिसलं तर थांबू नका:* हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास मंद किंवा मध्ये दहा-दहा सेकंद थांबतोय, ओठ निळसर, अंग भट्टीसारखं तापलंय आणि बोलणं असंबद्ध, आकडी. १०८ किंवा ११२ ला फोन करा, माणसाला कुशीवर वळवून ठेवा, एकटं सोडू नका, उलटी काढायला लावू नका. डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा. ‘झोपू दे, उतरेल’ हे वाक्य जीव घेतं.

११. बाहेर पडणं

बिल एक वाजताच चुकतं करा. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, ते सक्तीने लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये तेच सांगितलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

मग दोनांतून एक निवडा. सव्वाला निघा, म्हणजे कॅब लवकर आणि स्वस्त मिळते. किंवा शेवटचा ट्रॅक ऐका, आणि मग पंधरा-वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. दीडला दारात सगळे एकदम कॅब मागवतात आणि भाडं दुप्पट होतं. क्लबच्या तोंडाशी गाडी बोलावू नका. एक-दोन गल्ल्या चालून, उजेडाच्या आणि वर्दळीच्या रस्त्यावर बोलवा. बसण्याआधी गाडीचा नंबर जुळवा. मुली एकट्या जाणार असतील तर त्यांची गाडी सुटेपर्यंत बाकीच्यांनी थांबावं, आणि ‘पोचले’ असा मेसेज आल्याशिवाय कुणी झोपू नये. खाली उभं राहून मोठ्याने बोलू नका. वर माणसं झोपलेली असतात, आणि रहिवाशांच्या तक्रारींवरूनच क्लबांवर कारवाई होते.

१२. दुसरा दिवस

उठल्यावर पाणी, मीठ-साखर-लिंबाचं सरबत, मग पोहे किंवा खिचडी. रात्री जास्त झाली असेल तर सकाळी गाडी चालवू नका. आठ पेग प्यायलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सातलाही मद्यांश असू शकतो.

त्या दिवशी हेडफोन लावू नका, कानांना शांतता द्या. कानात आवाज येत असेल किंवा दडे बसल्यासारखं वाटत असेल तर ते चोवीस तासांत ओसरायला हवं. ओसरलं नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत सुरू झालेले उपचार सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. ‘आठवडाभर पाहू’ म्हणू नका.

एखादा ट्रॅक डोक्यात बसला असेल तर तुमचा दहा सेकंदांचा व्हिडिओ शाझम या गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवा. तिथे सापडला नाही तर ओपनिंग डीजेला इन्स्टाग्रामवर विचारा, सेट आवडला हेही सांगा. स्थानिक डीजे अशा मेसेजला आवर्जून उत्तर देतात, आणि पुढचा गिग कुठे आहे हेही त्यांच्याकडूनच सगळ्यात आधी कळतं.